इटलीत पहिलं घर : प्रोपोस्तावर (खरेदीच्या लेखी प्रस्तावावर) सही करण्याआधी काय तपासावं?

रेनोकाठी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भारतीय पासपोर्ट, बोलोन्यात नोकरीच्या पेर्मेस्सोवर (राहण्याच्या परवान्यावर) राहते. कोदिचे फिस्काले (कर क्रमांक) आणि इथलं बँक खातं आहे. शहराच्या कडेला एक फ्लॅट पसंत पडलाय. तिसरा मजला, जाहिरातीत ९० चौरस मीटर, वर पोटमाळ्याची 'खोली', किंमत १,८५,००० युरो. घर दोन भावांना वारशानं आलेलं आहे. एजंट म्हणतो शुक्रवारपर्यंत प्रोपोस्तावर सही करा, ५,००० युरोचा चेक द्या, बाकी कागद नंतर बघू. नवरा सध्या भारतात आहे, घर दोघांच्या नावावर घ्यायचा विचार आहे. सही करावी का? आणि किंमत सोडून अजून किती पैसे लागतील?

गेरूची_भिंत

शुक्रवार विसरा. प्रोपोस्ता म्हणजे नुसती पसंतीची चिठ्ठी नव्हे. सही केलीत की त्यात लिहिलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा १५ दिवस, तुम्ही बांधलेल्या. मालकानं होकार दिल्याचं तुम्हाला कळलं की व्यवहार दोघांवर बंधनकारक, चेकचा इसार होतो आणि एजंटाची दलालीही तेव्हाच देय होते. म्हणून तर त्याला घाई! नंतर तुम्ही मागे हटलात तर इसार बुडतो, मालक हटला तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. पण हे दुपटीचं संरक्षण कागदावर 'कापार्रा कोन्फिर्मातोरिया' असे शब्द असतील तरच. नुसतं 'आक्कोन्तो' लिहिलं असेल तर ती आगाऊ रक्कम, बाकी काही नाही.

प्रोपोस्ता द्यायचीच तर त्यात दोन अटी लेखी घाला. पहिली, अमुक तारखेपर्यंत बँकेनं कर्ज मंजूर केलं नाही तर प्रोपोस्ता रद्द आणि चेक परत. दुसरी, तुमच्या जेओमेत्राच्या (घराची मापं आणि कागद तपासणारा तंत्रज्ञ) तपासणीत घर नगरपालिकेच्या आणि कातास्तोच्या (मालमत्तेची सरकारी नोंद) कागदांशी जुळलं नाही तरीही तेच. दलाली या अटी पूर्ण झाल्यावरच द्यायची, हेही लिहून घ्या. चेक मालकांच्या नावे आणि 'नोन त्रास्फेरीबिले' (दुसऱ्याच्या नावे न वळवता येणारा) शेऱ्याचा असावा, एजन्सीच्या नावे नको. दोन्ही अटींना नकार मिळाला तर माझ्या मते ते घर सोडलेलं बरं.

जेओमेत्रा तुमचा हवा, एजंटानं सुचवलेला नको. तो मालकाकडून अधिकारपत्र घेऊन कोमूनेत (नगरपालिकेत) मंजूर नकाशे मागवतो. ते हातात यायला काही आठवडे जातात, मोठ्या शहरात जास्तच. एजंट दाखवतो तो कातास्तोचा नकाशा करासाठी असतो, बांधकाम कायदेशीर असल्याचा तो पुरावा नाही. कोमूनेचा नकाशा, कातास्तोचा नकाशा आणि प्रत्यक्ष भिंती, तिन्ही जुळायला हव्यात. बाल्कनीला काचा लावून केलेली खोली, पाडलेली भिंत, नंतर काढलेली दुसरी न्हाणी, गडबड बहुतेकदा अशाच ठिकाणी सापडते. आतली साधी भिंत न कळवता हलवली असेल तर १,००० युरो दंड आणि जेओमेत्राची फी भरून ते नियमित करता येतं, आणि तो खर्च मालकानं खरेदीखताआधी करायचा. वाढीव बांधकाम असेल तर गोष्ट वेगळी, ते नियमित होईलच असं नाही. २०२४ च्या 'साल्वा काझा' कायद्यानं २४ मे २०२४ पूर्वीच्या कामांसाठी मापातल्या फरकाची मुभा वाढवली. तुमच्या आकाराच्या घराला ती ५ टक्के आहे, ६० चौरस मीटरच्या आतल्या घराला ६. पण ही मुभा मापांतल्या फरकापुरती, न विचारता बांधलेल्या खोलीला ती लागू होत नाही.

'इमारत १ सप्टेंबर १९६७ च्या आधीची आहे, परवाना लागतच नव्हता' असंही ऐकवतील. शहरी वस्तीत १९४२ पासून परवाना लागायचा. बोलोन्यासाठी हे कारण ऐकून घेऊ नका.

आता तो पोटमाळा. मूळ नकाशावर तिथे काय लिहिलंय ते बघा. 'सोफ्फित्ता' किंवा 'सोत्तोतेत्तो नोन आबिताबिले' असेल तर ती सामान ठेवायची जागा आहे. पलंग टाकला, रेडिएटर बसवला म्हणून ती खोली होत नाही. राहत्या खोलीची उंची सर्वसाधारणपणे २.७० मीटर लागते, उतरत्या छपराखाली सरासरी किती चालते हे प्रांताच्या कायद्यावर आहे. पुढे नवऱ्याला कुटुंब म्हणून बोलावताना कोमूनेकडून घर पुरेसं असल्याचा दाखला घ्यावा लागेल, त्यातही हा माळा मोजला जाणार नाही.

९० चौरस मीटरचंही तसंच. तो 'व्यापारी' आकडा, त्यात भिंतींची जाडी, बाल्कनीचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग, कधी तळघरही धरलेलं असतं. पाय ठेवायला ७५ च्या आसपास निघालं तर आश्चर्य नको. टेप घेऊन जा.

दिडकीचा_हिशेब

पैशांचं मी सांगतो. खासगी मालकाकडून घेताना नोंदणी कर विक्रीच्या किमतीवर नसून कातास्तोच्या मूल्यावर काढता येतो, खरेदीखतात तशी मागणी मात्र तुम्ही करायची. विसूरा (कातास्तोचा उतारा) काढा, त्यात 'रेन्दिता' (घराचं कागदोपत्री ठरवलेलं उत्पन्न) नावाचा आकडा असतो. समजा तो ६२० आहे. पहिल्या घराला गुणक ११५.५, म्हणजे मूल्य ७१,६१० आणि २ टक्क्यांनी कर सुमारे १,४३२ युरो. या कराची किमान रक्कम १,०००. सवलत नसेल तर गुणक १२६, मूल्य ७८,१२० आणि ९ टक्क्यांनी सुमारे ७,०३१. वर ५० अधिक ५० युरोचे दोन छोटे कर. खरी किंमत खतात पूर्ण लिहायचीच असते, पण तिनं हा कर वाढत नाही. त्यामुळे 'थोडे रोखीनं द्या' म्हणणाऱ्याचा फायदा फक्त त्याचाच असतो. चोरी उघडकीला आली तर कातास्तोच्या मूल्यावर कर भरण्याची तुमची सवलत जाते.

पहिल्या घराची सवलत परदेशी नागरिकालाही मिळते. घर आ/१, आ/८, आ/९ या आलिशान वर्गात नको, आणि त्याच कोमूनेत तुमचं दुसरं घर नको. त्या कोमूनेत तुमची रेसिदेन्त्सा (राहत्या पत्त्याची अधिकृत नोंद) नसेल तर १८ महिन्यांत आणावी लागते, तिथेच नोकरी असेल तर ही अट राहत नाही. पाच वर्षांच्या आत विकलंत आणि वर्षभरात राहण्यासाठी दुसरं घेतलं नाहीत, तर कराचा फरक, त्यावर ३० टक्के दंड आणि व्याज. नोकरी बदलायचं मनात असेल तर हे आधी मोजा.

दलाली ३ टक्के धरली तर ५,५५० आणि त्यावर २२ टक्के व्हॅट, एकूण ६,७७१ युरो. ही घासाघीस करण्याजोगी रक्कम आहे, पण सहीच्या आधीच. एजंट चेंबर ऑफ कॉमर्सकडे नोंदलेला नसेल तर त्याला दलाली मागायचा हक्कच नाही.

मधल्या टप्प्यावर साठेखत होतं, इथे त्याला कोम्प्रोमेस्सो म्हणतात. ते ३० दिवसांत नोंदवायचं : २०० युरो, इसाराच्या अर्धा टक्का आणि मुद्रांक. इसारावरचा तो अर्धा टक्का खरेदीखताच्या करातून वजा होतो. खरेदीखत काही महिने लांबणार असेल किंवा इसार मोठा असेल तर साठेखत नोतायोकडून (खरेदीखत करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) करून सार्वजनिक नोंदीत चढवा. खर्च वाढतो, पण मधल्या काळात मालकानं दुसऱ्याला विकलं किंवा सावकारानं बोजा चढवला तरी तुमचा हक्क आधीचा ठरतो.

नोतायो कोण हे खरेदीदार ठरवतो, कारण पैसे तोच भरतो. दोनतीन ठिकाणी लेखी अंदाज मागा आणि त्यात कर किती, फी किती हे वेगळं लिहून घ्या. २०१७ पासून आणखी एक सोय आहे : सांगितलंत तर नोतायो पैसे स्वतःच्या स्वतंत्र खात्यात ठेवतो आणि खत नोंदवून झाल्यावर, नवा बोजा चढलेला नाही हे बघून, मालकाला देतो. मालक कर्जात असेल तर ही सोय घ्याच.

कर्जावर पहिल्या घराला ०.२५ टक्के कर, एरवी २. इथल्या रहिवाशाला बँका साधारण ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात.

रेनोकाठी

दोघांचेही आभार. अटी घालायचं एजंटाला कळवते. नवऱ्याचं नाव आणि वारसा, यावर कोणी लिहील का? शिवाय नाशिकचा एक मामेभाऊ सिसिलीत एक कोमूने १ युरोला विकत असलेल्या घरामागे लागलाय. त्याला काय सांगू?

शिक्कामोर्तब

रेनोकाठीताई, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला इथे मालमत्ता घेताना 'परस्परता' बघतात, म्हणजे त्याच्या देशात इटालियन माणसाला तशीच मालमत्ता घेता येते का. नोकरी, व्यवसाय, कुटुंब किंवा शिक्षणाच्या चालू पेर्मेस्सोवर इथे राहणाऱ्याला ही चाचणी लागू नाही, म्हणून तुमचा प्रश्न सुटला. नवऱ्याकडे पेर्मेस्सो नाही, त्याला ती लागेल. आणि भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय तिथे घर घेता येत नाही, त्यामुळे नोतायो हा मुद्दा काढणारच. सरळ मार्ग म्हणजे आत्ता तुमच्या एकटीच्या नावावर घ्या. लग्नाचा दाखला भारतात अपोस्टिल करून, इथे शपथेवर भाषांतर करून ठेवा. पतिपत्नीची मालमत्ता सामाईक की स्वतंत्र हे खतात लिहावं लागतं आणि ते कुठल्या देशाच्या कायद्यानं ठरतं हे नोतायो पहिल्याच भेटीत विचारेल. इटालियन नीट समजत नसेल तर तेव्हाच सांगा. दुभाषा, साक्षीदार आणि दोन भाषांतलं खत यांची तयारी वेळ खाते, अगदी सहीच्या दिवशी ती होत नाही.

वारशाचं घर असेल तर तीन गोष्टी बघा. वारसाची नोंद कर खात्यात आणि कातास्तोत झाली आहे का. वारसा स्वीकारल्याची नोंद सार्वजनिक दप्तरात आहे का, नसेल तर नोतायो ती करून घेतो, खर्च विकणाऱ्यांचा. आणि त्या भावांची आई हयात आहे का? असेल तर तिचा वाटा असू शकतो, आणि वाटा काहीही असला तरी नवऱ्याबरोबर राहत होती त्या घरात आयुष्यभर राहण्याचा हक्क कायदा तिला देतो. 'आई आता बहिणीकडे असते' हे एजंटाचं उत्तर चालणार नाही, तिची सही लागेल.

मामेभावाला सांगा, आधी परस्परता बघ. मग त्या कोमूनेची जाहिरात पूर्ण वाच. १ युरो ही घराची किंमत. बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीत दुरुस्तीचा आराखडा आणि काही वर्षांत काम पूर्ण करायची अट असते, त्यासाठी हमी रक्कम घेतात, अनेक ठिकाणी ५,००० युरो. काम अडलं तर ती जप्त. साम्बूका दी सिचिलिया या सिसिलीतल्या गावानं २०१९ मध्ये १ युरोपासून बोली लावून घरं विकली, म्हणजे तो आकडा सुरुवातीचा होता. आणि घर घेतल्यानं राहायचा परवाना मिळत नाही. पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

गेरूची_भिंत

एक राहिलं, कोन्दोमीनियो, म्हणजे इमारतीची सामाईक व्यवस्था आणि तिचा खर्च. चालू आणि मागच्या वर्षाची थकबाकी नव्या मालकाकडूनही वसूल होते, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणि गेल्या दोनतीन सभांची इतिवृत्तं मागा. छप्पर, लिफ्ट किंवा बाहेरची भिंत यांचं काम मंजूर झालं असेल तर ते कोण भरणार हे साठेखतातच लिहा. ऊर्जेचा दाखला १० वर्षांच्या आतला आणि बॉयलरची वही दोन्ही बघून घ्या. स्वयंपाकघर सामानासकट मिळणार का हेही लिहून घ्या, नाहीतर किल्ली मिळाल्यावर ओट्याच्या जागी पाण्याचे दोन पाइप भिंतीतून डोकावत असतात.

खरेदीच्या दिवशी वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढा आणि मालकाच्या जुन्या बिलावरचे पीओडी (वीजजोडणी) व पीडीआर (गॅसजोडणी) क्रमांक टिपून घ्या. मीटर चालू असताना नाव बदलणं म्हणजे वोल्तूरा. मालकानं जोडणी आधीच बंद केली असेल तर सुबेन्त्रो, म्हणजे जोडणी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज, करावा लागतो आणि तोवर दिवे नाहीत. बंद करू नका असं त्याला आठवडाभर आधी सांगा. जोडणी बहुधा ३ किलोवॉटची असते, त्यावर ओव्हन, धुलाई यंत्र आणि इंडक्शन एकदम चालत नाही. ४.५ करून घ्या.

राहायला गेल्यावर २० दिवसांत रेसिदेन्त्साचा अर्ज टाका. त्यानंतर ४५ दिवसांत नगरपोलीस कधीही खात्री करायला येऊ शकतो. खालच्या बेलवर आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव पहिल्याच दिवशी लावा, नाव नसेल तर तो 'सापडले नाहीत' असं लिहून परत जातो.