मदत हवी आहे: अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले भिकारी आणि व्हॅग्रन्सीचे (भटकेपणाविरुद्धचे) कायदे

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी हा विषय घेतलाय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय, कोणी वाचलं असेल तर प्लीज सांगा. 1744 च्या व्हॅग्रन्सी अॅक्टमध्ये लोकांचे तीन वर्ग पाडलेत, आळशी नि बेशिस्त, मग भटके-लबाड आणि शेवटी न सुधारणारे, आणि दुसऱ्या वर्गात भविष्य सांगणारे, परवाना नसलेले नट, उघड्यावर झोपणारे असे सगळेच एका माळेत ओवलेत. पकडून देणाऱ्याला बक्षीस पण मिळायचं, भटक्यामागे 10 शिलिंग! मग चौकशी, फटके किंवा कोठडी, आणि पास देऊन त्याच्या मूळ पॅरिशकडे (चर्चच्या हद्दीचा स्थानिक विभाग) रवानगी. माणूस उपाशी का फिरतोय हे कोणालाच विचारावंसं वाटत नव्हतं, याचा खरंच राग येतो.

दुसरीकडे जॉन गेच्या 1728 च्या 'द बेगर्स ऑपेरा'त नाटक लिहिणारा म्हणून भिकारीच स्टेजवर येतो, आणि शेवटी एका नटाच्या आग्रहाखातर दरोडेखोर नायक मॅकहीथची फाशी रद्द करतो. म्हणजे नाटकात भिकाऱ्याच्या हातात सगळी सूत्रं आणि बाहेर रस्त्यावर मात्र तोच गुन्हेगार. हे दोन्ही एकत्र कसं मांडायचं?

मला मुख्यतः मॅजिस्ट्रेटसमोर या लोकांनी दिलेले जबाब वाचायचेत, विशेषतः बायकांचे आणि लढाई संपल्यावर कामावरून काढलेल्या सैनिक-खलाशांचे. ते ऑनलाइन फुकट कुठे मिळतील? आणि त्या जबाबांवर किती विसंबायचं, कारण लिहून घेणारा तर कारकूनच ना? इतिहासवाल्यांनी जरा सविस्तर सांगा, माझा बेस साहित्याचा आहे.