तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या, प्रमाण वेगवेगळे: घरात कोणती पद्धत ठेवावी?

नमस्कार. आम्ही तासगावजवळ राहतो. मुलगी तीन वर्षांची असून तिचे वजन १२ किलो आहे. द्राक्षबागेच्या छाटणीच्या दिवसांत आम्ही दोघे पहाटेच बागेत जातो, त्यामुळे तिला ताप आला तर औषध कधी मी देते, कधी सासूबाई, तर कधी जाऊबाई.

घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत. एकीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध आहे, तर जाऊबाईंच्या मोठ्या मुलासाठी आणलेल्या दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. एका वेळची मात्रा वजनावरून, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, अशी ठरते. त्या हिशेबाने मुलीला १२० ते १८० मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे पहिल्या बाटलीतून ५ ते साडेसात मिली, पण दुसरीतून जेमतेम अडीच ते साडेतीन मिली. ‘पाच मिली द्यायचे’ एवढेच लक्षात ठेवून कोणी दुसरी बाटली उघडली आणि दिवसभर तेच घडत राहिले, तर यकृताला इजा होऊ शकते, याची मला फार काळजी वाटते. सासूबाई मायेने सगळे करतात, परंतु बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत. शिवाय सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते, ते वेगळेच.

दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. स्वयंपाकघरातला चमचा बंद करून मापाची सिरिंज आणली आहे. आयबुप्रोफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचे नाही असे ठरवले आहे, कारण डेंग्यूची शंका असताना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि पावसाळ्यानंतर इकडे तशा तापाची धास्ती असते. ॲस्पिरिन तर मुलांना नकोच.

ज्यांच्या घरी दोन-तीन माणसे आळीपाळीने औषध देतात, त्यांनी दिलेल्या मात्रेची नोंद कशी ठेवली आहे, आणि जास्त तीव्रतेची बाटली वेगळ्या कपाटात ठेवणे पुरते का, की तिच्यावर आणखी काही ठळक खूण करावी? तसेच औषध दिल्यावर लगेच उलटी झाली, तर तीच मात्रा पुन्हा द्यावी की पुढच्या वेळेपर्यंत थांबावे, हे बालरोगतज्ज्ञांनी किंवा औषधांच्या जाणकारांनी कृपया सांगावे.