तो ड्रेस तुम्हाला कोणत्या रंगाचा दिसला होता? (नेटवरच्या लाटांचे अनुभव)

उंटावरची_शहाणी

परवा लेक शाळेतून आली तीच दोन्ही तळहात वरखाली करत. "सिक्स सेव्हन, सिक्स सेव्हन." म्हटलं, हे काय? "काही नाही." अर्थ काय त्याचा? "आई, अर्थ नसतो गं त्याला," म्हणाली आणि माझ्याकडे दयेने बघून निघून गेली. मग शोधलं, तर डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा शब्द म्हणून चक्क हेच निवडलेलं. मोठ्या उत्साहाने तिला दाखवलं. तिचं तोंडच उतरलं. त्या दिवसापासून घरात सिक्स सेव्हन बंद! आयांना कळलं म्हणजे गंमत संपली, दुसरं काय.

त्यावरून तो ड्रेस आठवला. फेब्रुवारी २०१५. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा लग्नासाठी नवरीच्या आईने काढलेला फोटो, आणि भांडण आमच्या घरात. मला लख्ख निळा-काळा. नवऱ्याला पांढरा-सोनेरी. मला वाटलं मुद्दाम छळतोय, त्याला वाटलं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. शेवटी सासूबाईंना पंच नेमलं. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "जांभळा."

ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळाच निघाला. नवऱ्याने अजून हार मानलेली नाही.

पण एका ड्रेसवर आपण अख्खे दोन दिवस का घालवले असतील? तुम्ही कशात वाहून गेला होतात? लिहा.

रिकामटेकडा

पांढरा-सोनेरी. आजही. भाऊजींना माझा पाठिंबा कळवा.

घुबड

निळा-काळा. फोटोत उजेड कुठला आहे तेच कळत नाही, सगळी गोम तिथे आहे. मेंदू उजेडाचा रंग वजा करून वस्तूचा रंग ठरवतो. ड्रेस सावलीत आहे असं ज्याच्या मेंदूने धरलं, त्याने निळसरपणा वजा केला, उरलं पांढरं-सोनेरी. दिव्याचा पिवळा उजेड धरला तर निळा-काळा. आणि हे आपल्याला न विचारता होतं, म्हणून समोरचा खोटारडा वाटतो. पुढे हजारो लोकांना विचारून पाहिलं, तेव्हा पहाटे उठणाऱ्यांत पांढरा-सोनेरीवाले जास्त निघाले. माझा आयडी बघा आणि समजून घ्या.

तुमचे अहो किती वाजता उठतात?

उंटावरची_शहाणी

पाच वाजता!! आणि सगळ्यांना उठवतात.

घुबड

झालं तर मग.

कोरडवाहू

माझी स्ट्रॉबेरी सुकायची.

हसू नका. फार्मव्हिल, फेसबुकवरचा शेतीचा खेळ. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही की अख्खं शेत करपायचं. रात्री दोनचा गजर लावून उठायचो. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी चालू आहे. एकदा मागून येऊन बघितलं तर मी ट्रॅक्टर चालवतोय. म्हणाली, "यापेक्षा ते बरं होतं."

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना मेल काढला की कामाच्या वेळेत गेम खेळू नयेत. पंधरा मिनिटांनी त्यांचीच मला विनंती, तबेल्याला खिळे कमी पडतायत. पाठवले. त्या वर्षी पगारवाढ बरी झाली, योगायोग असेल. ३१ डिसेंबर २०२० ला खेळ बंद झाला तेव्हा शेवटचं एकदा जाऊन शेत नांगरून आलो.

पावसाळी_छत्री

"यापेक्षा ते बरं होतं" हहपुवा!! वहिनींना साष्टांग नमस्कार

चष्मेबद्दूर

ऑर्कुटवरचे (फेसबुकच्या आधीची ती साइट) जुने स्क्रॅप, म्हणजे निरोप, कुठे बघायला मिळतील का हो? विषय वेगळा आहे, माफ करा.

रिकामटेकडा

ऑर्कुट सप्टेंबर २०१४ लाच बंद झालं हो. गेलं सगळं.

पावसाळी_छत्री

गेलं ते बरंच झालं. एका मैत्रिणीने मला टेस्टिमोनियलमध्ये सगळी मनातली गोष्ट लिहिली होती, कोणावर जीव जडलाय वगैरे, आणि शेवटी "हे अ‍ॅक्सेप्ट करू नकोस". मी शेवटपर्यंत वाचलंच नाही. अ‍ॅक्सेप्ट. सगळ्या वर्गाने वाचलं. तीन महिने अबोला.

चष्मेबद्दूर

अरेरे. म्हणजे माझे पण गेले.

निनावी_काठावर

एरवी रोमात (नुसतं वाचत) असते, आज लिहिते.

२०१४ चं बर्फाच्या पाण्याचं चॅलेंज. माझ्या सासऱ्यांना एएलएस होता. स्नायू एकेक करत साथ सोडतात, डोकं मात्र शाबूत. ज्या महिन्यात त्यांचा आवाज गेला त्याच महिन्यात जो तो डोक्यावर बादली ओतून किंचाळताना दिसायला लागला. मला इतका संताप यायचा! यांना त्या तीन अक्षरांचा अर्थ तरी माहीत आहे का? एकदा तसा व्हिडिओ लागला आणि मी घाईने बंद करायला गेले, तर सासऱ्यांनी डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. ते हसत होते. मग रोज दोन-चार लावून द्यायचे. पडणारे, घसरणारे, बादलीच डोक्यात बसलेले.

अमेरिकेतल्या संस्थेकडे त्या उन्हाळ्यात ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्यातल्या पैशावर चाललेल्या संशोधनात २०१६ मध्ये या आजाराशी जोडलेलं एक जनुकही सापडलं. ते बघायला सासरे नव्हते. मला मात्र लक्षात राहिलं ते दुसरंच. त्या आधी प्रत्येकाला आजार पहिल्यापासून समजावून सांगावा लागायचा. त्यानंतर लोक म्हणायचे, "हां, तो बादलीवाला का?" आणि पुढचं बोलता यायचं.

मीठमिरची

सगळं ठीक, पण पाण्याची नासाडी किती झाली

कोरडवाहू

@मीठमिरची, वरचं वाचून मग लिहा हो.

@निनावी, रोमातून बाहेर आलात, बरं केलंत. ते चॅलेंज मुळात "हे पत्र दहा जणांना पाठवा नाहीतर अनिष्ट होईल" याचंच भावंड होतं. तिघांची नावं घ्यायची, २४ तासांची मुदत. फरक इतकाच की नाव चारचौघांत घेतलेलं, म्हणून गप्प बसण्याची सोय नाही. मलाही मेहुण्याने अडकवलं होतं.

घुबड

ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी: त्या ड्रेसचा दुकानातला खरा फोटो सापडला, रंग स्पष्ट दिसतोय. लिंक इथे

रिकामटेकडा

मेल्या!!!!

पावसाळी_छत्री

बसमध्ये होते, इयरफोन नव्हते. लिंक उघडली तर फोटो कुठला, रिक अ‍ॅस्टलीचं १९८७ चं "नेव्हर गोना गिव्ह यू अप"! अख्ख्या बसने ऐकलं. घुबडा, तुला बघून घेईन.

घुबड

ही गाण्याची फसवी लिंक, म्हणजे रिकरोल, २००७ पासून चालू आहे आणि अजून लोक क्लिक करतात यातच काय ते आलं. पहिल्यांदा एका गेमचा ट्रेलर म्हणून ती लिंक दिली होती. फसलेल्याला राग येतो तो पाच सेकंद. सहाव्या सेकंदाला तो पुढचं गिऱ्हाईक शोधायला लागतो. छत्रीताई, खरं सांगा, कोणाला पाठवलीत?

पावसाळी_छत्री

नणंदेला.

शून्यएक

ऑफिसातून लिहितोय, थोडक्यात. गंगनम स्टाइल, ते घोडा-नाचाचं कोरियन गाणं, २०१२. नाचलो नाही, पण डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर त्याचे व्ह्यूज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जायला निघाले. अधिक-उणे चिन्ह धरून (साइन्ड) ३२ बिटांत मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा. काउंटर ६४ बिटांचा करावा लागला. आमच्या साहेबांना मी वर्षभर सांगत होतो की आपल्या सिस्टिममधला आकडा भरेल, कोणी ऐकेना. घोडा-नाच दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी मंजुरी.

बादशाही_बटण

आम्ही ऑफिसात हार्लेम शेक केला होता, २०१३. एक जण हेल्मेट घालून एकटा नाचणार, बाकीचे मख्ख, आणि मग एकदम सगळे. तीस सेकंदांचं काम, रिहर्सल नाही, नाचता येत नसेल तर उत्तमच. हेल्मेटमध्ये मीच होतो. ऑस्ट्रेलियात खाणीत हा उद्योग करणाऱ्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, हे नंतर वाचलं आणि व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. बाळ उठलं, येतो.

(आलोच नाही तर समजून घ्या.)

तिसरी_घंटा

वर्डल, पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ; आपले प्रयत्न रंगीत चौकोनांत दुसऱ्याला पाठवता येतात. बाबा फोनवर कधीच बोलायचे नाहीत, "आईला देतो" एवढंच. जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी त्यांचे हिरवे-पिवळे चौकोन आले. ना शुभ सकाळ, ना काही. मी माझे पाठवले. मग रोज. माझ्या आधी सुटलं तर पुढे एक टिंब, ही त्यांची फुशारकी. एका मंगळवारी चौकोन आलेच नाहीत, दुपारपर्यंत जीव टांगणीला, शेवटी आईला फोन. फोन पाण्यात पडला होता. बाबांचा, आईचा नाही.

१ नोव्हेंबर २०२१ ला हा खेळ ९० जण खेळत होते आणि दोन महिन्यांत तीन लाख. दिवसाला एकच कोडं आणि सगळ्यांना तेच, म्हणून असेल. उत्तर न फोडता मिरवता येतं, हेही आहेच. आता बाबा ८१ चे आहेत. कालचं चार ओळींत. टिंब.

निनावी_काठावर

टिंब 🙂

मीठमिरची

वरचं वाचलं आता. @निनावी, माफ करा. घाईत लिहिलं होतं.

उंटावरची_शहाणी

केवढे प्रतिसाद! सगळ्यांना सावकाश उत्तरं देते, कपडे वाळत घालायचेत. लेकीला आत्ता तो फोटो दाखवला. ती म्हणाली पांढरा-सोनेरी. ही रोज नऊपर्यंत लोळते, घुबडा, तुझं शास्त्र तपासून बघ. नवरा स्वयंपाकघरात विजयाच्या फेऱ्या मारतोय. सासूबाईंना परत विचारलं, त्या जांभळ्यावर ठाम आहेत.

रिकामटेकडा

त्यांना एक आयडी काढून द्या इथे.