इंग्लंडच्या खेड्यात राहता? गावात काय चाललंय ते लिहा (अनुभव धागा)

इंग्लंडमधल्या मराठी माणसांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक लंडन, स्लाउ, बर्मिंगहॅम, मँचेस्टर इथलंच असतं. पण आपल्यातले कितीतरी जण, म्हणजे डॉक्टर, नर्स, पशुवैद्य, घरून काम करणारे आयटीवाले, अशा खेड्यांत राहतात जिथे रस्त्यावर दिवे नाहीत आणि बस दिवसातून एखादी. तिथलं आयुष्य निवांत असतं असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. गावात सतत काहीतरी ठरत असतं, आणि ते बिनपगारी माणसं उरकत असतात. तुमच्या गावच्या फलकावर, गावपत्रिकेत सध्या काय आहे, पुढे कोणता कार्यक्रम आहे, त्यातलं तुमच्या वाट्याला काय येतं, ते इथे लिहा. स्वतःच्या गावाचं नाव नको, काउंटी (इथला जिल्हा) पुरे. एखादी प्रसिद्ध प्रथा असेल तर मात्र नाव जरूर लिहा, म्हणजे इतरांना जाऊन बघता येईल.

सुरुवात मी करते. मी श्रॉपशरमध्ये राहते. आमच्याकडे पॅरिश कौन्सिल आहे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी. १८९४ च्या कायद्याने ही कौन्सिलं आली आणि चर्चच्या कमिटीशी त्यांचा संबंध नाही. बस थांबा, बाकं, मैदानाचं गवत, दफनभूमी अशी कामं ती बघतात आणि त्यासाठी कौन्सिल टॅक्समधून (घरपट्टीसारखा कर) थोडी रक्कम घेतात. सदस्यांना पगार नसतो. दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात गावातल्या सगळ्या मतदारांची एक सभा घ्यावीच लागते. यंदाच्या सभेत निम्मा वेळ शाळेजवळून भरधाव जाणाऱ्या गाड्यांवर गेला. आता पिवळी जाकिटं घालून, हातात वेग मोजायचं यंत्र घेऊन उभं राहायला माणसं हवी आहेत. मी नाव दिलंय.

माझ्याकडे आधीपासून आहे ते काम लाल टेलिफोन बूथचं. बीटी या टेलिफोन कंपनीने वापरात नसलेले बूथ गावांना १ पौंडाला द्यायची योजना २००८ मध्ये काढली. आमच्या बूथमध्ये आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. त्याचा हिरवा दिवा चालू आहे ना, छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत संपली नाही ना, हे बघून वहीत सही करायची. रुग्णवाहिकेला पोचायला वेळ लागतो अशा गावात ही सही मला फार मोलाची वाटते.

हेरेफर्डशरमधून

आमची गावपत्रिका महिन्यातून एकदा निघते आणि आमच्या गल्लीतल्या घरांना ती मी टाकतो. पहिल्या पानावर व्हायकरचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, पत्र. आमच्या व्हायकरबाईंकडे एकूण सहा चर्च आहेत, त्यामुळे कुठल्या रविवारी कुठे प्रार्थना याचं कोष्टक लगेच पुढच्या पानावर. मग फिरतं वाचनालय कधी आणि कुठे थांबणार, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात, घंटा वाजवणाऱ्यांना शिकाऊ माणसं हवीत, सकाळच्या कॉफीला या. जाहिराती मी आवडीने वाचतो: धुराडी साफ करणारा, सेप्टिक टँक उपसणारा, सरपणाची लाकडं, चिचुंद्रीसारखा मोल पकडून देणारा.

इथे गॅसची पाइपलाइन नाही, घरं तापवायला टाकीत तेल भरतात. एकेकट्याने मागवलं तर महाग पडतं. म्हणून एक बाई सगळ्या गावाची मागणी गोळा करून एकदम दर ठरवतात आणि शेवटची तारीख पत्रिकेत छापतात. थंडीच्या तोंडावर हा अंक कुणाकडे पोचला नाही तर रात्री फोन येतो.

जानेवारीत सफरचंदाच्या बागेत वासेल असतं. पुढच्या मोसमात पीक चांगलं यावं म्हणून झाडाच्या मुळाशी सायडर (सफरचंदाची दारू) ओततात, सायडरमध्ये बुडवलेले टोस्ट फांद्यांना अडकवतात, थाळ्या-डबे बडवून गोंगाट करतात. आमच्या काउंटीत बारा लहान जाळ आणि एक मोठा जाळ पेटवायची जुनी रीत आहे. सॉमरसेटमध्ये बऱ्याच ठिकाणी हे १७ जानेवारीला होतं. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, पण त्यांनी आपली जुन्या कॅलेंडरची तारीख सोडली नाही. मुलांना घेऊन या, गमबूट विसरू नका.

नॉर्थ यॉर्कशरमधून

आमचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा शो सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. वर्गांची यादी वसंतातच येते, कारण पेरणी तिच्याप्रमाणे करायची असते. मी नाशिक जिल्ह्यातली, माहेरी कांद्याचं शेत. त्यामुळे कांद्याच्या वर्गाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

२५० ग्रॅमपर्यंतचे कांदे असा एक वेगळा वर्ग असतो. इथे मोठा कांदा आणून भागत नाही. सगळे नग आकाराने, रंगाने, गोलाईने एकसारखे लागतात. काढल्यावर ते नीट सुकवायचे, सुटी सालं काढायची पण फार सोलायचं नाही, कारण खालची हिरवट साल दिसली की गुण गेले. मान दुमडून राफियाच्या धाग्याने घट्ट बांधायची, मुळं तळाशी सपाट कापायची आणि प्रत्येक कांदा छोट्या कड्यावर बसवायचा. शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, यांनी मला हे गॅरेजमध्ये बसून शिकवलं. स्वतः त्याच वर्गात उतरणार होते, तरी आपल्याकडचा राफिया मला दिला.

सकाळी हॉलमध्ये मांडणी झाली की सगळ्यांना बाहेर काढतात आणि परीक्षक आत जातात. शेंग ताजी आहे का ते बघायला ते मोडून बघतात. व्हिक्टोरिया स्पंज केकच्या वर्गात दोन थरांमध्ये फक्त रासबेरी जॅम हवा. क्रीम घातलं की केक बाद. परीक्षक बाईंनी सुरीने पाचर कापून जाळी कशी पडलीय ते पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘चव उत्तम, कडा किंचित जास्त भाजली.’ इतकं नेमकं आणि इतक्या मायेने कुणी माझ्या स्वयंपाकाबद्दल क्वचितच सांगितलं असेल.

‘इतर कोणतीही भाजी’ या वर्गात मी मेथीची जुडी ठेवली होती. दुपारी दारं उघडल्यावर तिच्यासमोर घोळका. कसली भाजी, कशी करतात, बी कुठे मिळतं. यंदा निदान तीन वाफ्यांत मेथी उगवलीय आणि त्यातल्या एका घरचे लोक माझ्याविरुद्ध उतरणार आहेत. आजोबा या हिवाळ्यात गेले. त्यांचे कांदे त्यांच्या मुलीने लावलेत. राफिया माझ्याकडे शिल्लक आहे, तो तिला देऊन आले.

ऑक्सफर्डशरमधून, थोडक्यात

स्टोक रो या गावी जाऊन या. चिल्टर्नच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पूर्वी पाण्याचे फार हाल होते. इथले एडवर्ड रीड भारतात कंपनी सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांनी आझमगडजवळ एक विहीर खोदवली होती. आपल्या गावाकडच्या टंचाईची हकीकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलेली. राजांनी ती लक्षात ठेवली आणि स्टोक रोसाठी विहिरीचा पैसा दिला. ३६८ फूट खोल, सगळी हाताने खोदलेली. १८६४ मध्ये ती गावाला खुली झाली. वर घुमट आणि खाली सोनेरी हत्ती अजून आहे. खेड्यातल्या सामान्य माणसांच्या तहानेसाठी काशीहून मदत आली, हे तिथल्या कठड्यापाशी उभं राहून वाचताना मला भरून आलं.

डर्बीशरमधून

वर विहिरीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं वेल ड्रेसिंग लिहिते. उन्हाळ्यात इथल्या अनेक गावांत विहिरी आणि झरे फुलांच्या चित्रांनी सजवतात. टिसिंग्टनचं सगळ्यांत नावाजलेलं. ते ईस्टरनंतरच्या असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारी सुरू होतं.

आधी लाकडी चौकटी कित्येक दिवस तळ्यात भिजत ठेवतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं. मग चिकणमाती. तिच्यात मीठ घालून पायांनी तुडवायची, म्हणजे ओलावा टिकतो. चौकटीत खिळे मारलेले असतात, त्यांच्यावर माती थापायची. चित्राचा कागद वर पसरून रेषांवर टोचत जायचं, कागद काढला की मातीत ठिपके उरतात. त्या ठिपक्यांवर आल्डरच्या झाडाची काळी सुकी बोंडं किंवा कॉफीच्या बिया दाबून बाह्यरेषा करायची. करड्या रंगासाठी दगडफूल, हिरव्यासाठी शेवाळ, निळ्यासाठी हायड्रेंजियाच्या पाकळ्या. आणि पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौलं बसवतात तशा, वरची खालचीवर थोडी चढलेली. पाऊस पडला तर पाणी ओघळून जायला हवं.

मला पहिल्या वर्षी आकाशाचा एक कोपरा दिला होता. गोठ्यात दिवे लावून रात्री उशिरापर्यंत बसायचं. पाठ मोडते, बोटं मिठाने चरचरतात. समोर शाळेतली मुलगी, बाजूला निवृत्त सर्जन, सगळे पाकळ्या निवडतायत. तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही. कोण आजारी आहे, कुणाच्या म्हशी, नव्हे मेंढ्या, व्यायल्या, कुणाचं घर विकलं, सगळं कळतं. साधारण आठवडाभर चित्र टिकतं, मग पाकळ्या तपकिरी पडतात आणि माती काढून टाकतात. यंदा मला चेहरा करायला दिलाय. चेहरा सगळ्यांत अवघड असतो.

सफकमधून

आमच्या गावातलं शेवटचं दुकान बंद झालं तेव्हा लोकांनी शेअर काढून ते स्वतः चालवायला घेतलं. कुणी कितीही शेअर घेवोत, मत प्रत्येकाला एकच. व्यवस्थापक पगारी आहे, बाकी आम्ही पाळ्या वाटून घेतो. माझी पाळी मंगळवारी सकाळी. आठवड्यातून काही तास पोस्टाचा काउंटर तिथेच लागतो, तेव्हा पेन्शनवाल्यांची गर्दी असते. एक गृहस्थ रोज फक्त वर्तमानपत्र घ्यायला येतात. एखाद्या दिवशी दहापर्यंत आले नाहीत तर आम्ही त्यांच्या दारावर जातो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पाळी सोपवताना पुढच्या माणसाला सांगितलं जातं.

आता पबचा प्रश्न आहे. मालक विकायला निघालाय. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली आम्ही तो सामुदायिक मालमत्तेच्या यादीत आधीच घालून ठेवला होता. त्यामुळे विकत घ्यायची इच्छा आम्ही सहा आठवड्यांत कळवली तर सहा महिने विक्री थांबते आणि तेवढ्यात पैसे उभे करता येतात. नंतर मालकाने गावालाच विकावा अशी सक्ती नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ज्यांच्या गावात एकच पब किंवा एकच दुकान उरलंय त्यांनी विक्रीची पाटी लागायची वाट बघू नका. आत्ता अर्ज करा.

कॉर्नवॉलमधून

सगळं छान छान वाचून झालं, आता दुसरी बाजूही नोंदवते. ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नसते आणि नोव्हेंबरमध्ये त्याच गल्लीत मोजक्या खिडक्यांत उजेड. बाकी घरं सुट्टीपुरती. एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावायची मुभा इंग्लंडमधल्या कौन्सिलांना मिळाली आणि कॉर्नवॉलने ती वापरली. पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या नर्सला आपल्याच जन्मगावी घर परवडत नाही, ते टॅक्सने लगेच सुटणार नाही. शाळेत मुलं कमी होतात, मग नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला कुणी नसतं, मग गावपत्रिकेच्या संपादकबाई लिहितात की माझ्यानंतर हे कोण करणार ते कळवा. तीन अंक तेच छापून आलं. चौथ्या अंकाच्या आधी मी आणि शेजारच्या कोळ्याच्या बायकोने मिळून ते घेतलं.

ऑक्टोबरच्या अंकात हार्वेस्ट फेस्टिव्हल, म्हणजे चर्चमधला सुगीचा सण, आहे. आज सगळीकडे होतो तशा स्वरूपात तो आमच्याच काउंटीत, मॉरवेनस्टो इथे, रेव्हरंड हॉकर यांनी १८४३ मध्ये सुरू केला. चर्चमध्ये भाज्या, पाव, डबाबंद अन्न मांडतात आणि नंतर ते फूड बँकेला (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेला) जातं. यंदा यादीत डायपर आणि साबणही घातलेत, कारण तेच जास्त लागतात असं तिथून कळलं.

लेस्टरशरमधून

ईस्टर सोमवारी हॅलटनला या. आधी ‘हेअर पाय’ (hare pie) नावाचा, पिठाच्या कवचात मांस भरून भाजलेला मोठा पदार्थ व्हायकर आशीर्वाद देऊन कापतात आणि गर्दीत उधळतात. मग हॅलटन विरुद्ध शेजारचं मेडबर्न अशी ‘बॉटल किकिंग’ नावाची लढत होते. बाटल्या म्हणतात, पण असतात लाकडी पिंपं. तीन पिंपं, तीनपैकी दोन डाव जिंकायचे, आपापल्या ओढ्यापलीकडे पिंप न्यायचं. काटेरी कुंपणं, चिखल, माणसांचा ढीग. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा बघायला या एवढंच म्हणेन.

लिंकनशरमधून, एक प्रश्न

धागाकर्त्या ताई, आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी असल्याची नोटीस लागलीय. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालाय. मला उभं राहता येईल का?

श्रॉपशरमधून, उत्तर

हो दादा, येईल. कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना इथे मतदान करता येतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवरसुद्धा. कायम राहण्याची परवानगी असेल तर उमेदवारही होता येतं. वय १८ पूर्ण हवं, आणि मतदारयादीत नाव हवं किंवा गावात वा गावापासून ३ मैलांच्या आत वर्षभर राहिलेलं असावं. नोटीस लागल्यापासून १४ कामाच्या दिवसांत १० मतदारांनी निवडणूक मागितली नाही, तर कौन्सिल स्वतःच माणूस नेमून घेते. त्याला को-ऑप्शन म्हणतात. कौन्सिलचं कामकाज बघणाऱ्या क्लार्कला दोन ओळींची ईमेल करा: कुठे राहता, किती काळ, काय काम करायला आवडेल. पुढच्या सभेला जाऊन बसा. बहुतेक कौन्सिलं सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला थोडा वेळ देतात, तेव्हा उभं राहून नाव सांगा. आणि नेमणूक झाली की इथे कळवा, तुमच्या गावातला बसचा प्रश्न मला समजून घ्यायचा आहे.