शब्दचर्चा : ‘नियमांत सुधारणा’ म्हणजे नियम बदलले, की सुधारले?

आमची सोसायटी पुण्याजवळ मोशीत आहे, भोसरी एमआयडीसीपासून फार लांब नाही. सोसायटीच्या फलकावर मी अधूनमधून बातम्यांचे सारांश लिहून लावते. गेल्या आठवड्यात कारखान्यांच्या धुराबद्दलच्या नियमांची बातमी होती. सवयीने मथळा लिहिला : ‘हवा प्रदूषण परवाना नियमांत सुधारणा’. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई, पहाटेचा तो वास तरी कमी होईल.” बातमी उलट होती. काही उद्योगांना आता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्जच करावा लागणार नाही, असं तिच्यात होतं. काकूंनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला. चूक माझ्या शब्दाची होती.

कायद्याच्या मराठीत ‘सुधारणा’ म्हणजे मजकुरात केलेला बदल, एवढंच. विधेयकाच्या नावात कंसात ‘(सुधारणा)’ असतं, त्यात कौतुक नसतं. पण पुण्यात या शब्दाला दुसरं वजन आहे. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावर हे शहर हमरीतुमरीवर आलं. तेव्हापासून आपल्या कानाला सुधारणा म्हणजे वाईटाचं चांगलं होणं. एकच शब्द सरकार एका अर्थाने लिहितं आणि लोक दुसऱ्या अर्थाने वाचतात.

‘दुरुस्ती’ म्हणावं तर तिथेही तेच. फारसी ‘दुरुस्त’ म्हणजे ठाकठीक, म्हणजे आधीचं मोडलेलं होतं हे गृहीत धरलं. ‘फेरबदल’ मला त्यातल्या त्यात तटस्थ वाटतो. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

ताई, ‘सुधारणा’च्या आधी ‘परवाना’ बघा. मी चाकणला ओतकामाच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे परवाना कोणी म्हणत नाही. ‘कन्सेंट आलं का?’, ‘कन्सेंट कधी संपतंय?’ असंच बोलतात. कागद दोन असतात, एक उभारणीच्या आधीचा आणि एक चालवण्याचा. भट्टी कोणती, धूळ अडवणारा बॅग फिल्टर कोणता, चिमणीची उंची किती, हे सगळं त्यात येतं. दुकानाचा परवाना आणि हे, दोन्ही वेगळे.

धागाकर्ती

दादा, बरोबर आहे तुमचं. कन्सेंट म्हणजे मंडळाची संमती. १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचं कलम २१ हेच सांगतं : राज्य मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात उद्योग उभारता येत नाही आणि चालवताही येत नाही. परवाना फारसीतून आला. तो वरून खाली येणारा लेखी हुकूम. संमती संस्कृतातली, सम् आणि मन् मिळून झालेली. मन जुळणं हे तिच्या पोटात आहे. पुण्यात हा शब्द गाजला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी. वयाची मर्यादा दहावरून बारा करायची एवढ्यावर वर्तमानपत्रांचे रकाने पेटले होते. तिथला प्रश्नच हा होता की जिच्यावर परिणाम होणार, तिची संमती कधी खरी मानायची.

प्रतिसाद

मग इथे हा शब्द मला खटकतो. संमती देतं मंडळ, धूर येतो मोशीकरांच्या घरात. ज्याचं मन जुळायला हवं त्याला कोणी विचारलेलंच नाही. त्यापेक्षा ‘परवानगी’ प्रामाणिक आहे. निदान कोण देतं आणि कोण घेतं ते तरी स्पष्ट राहतं.

आणखी एक. १९७४ च्या पाण्याच्या कायद्यात अर्ज केल्यावर चार महिन्यांत मंडळाने होकार वा नकार दिला नाही, तर संमती दिली असं धरलं जातं. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपण लग्न ठरवताना म्हणायचो, कायद्याने ते नदीला लावलं. याला ‘मानीव संमती’ म्हणावं. मानीव अभिहस्तांतरणामुळे (बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं) सोसायटीवाल्यांच्या तोंडी तो शब्द बसलेलाच आहे.

धागाकर्ती

‘मानीव’ लगेच घेते, काकूंनाही कळेल. ‘परवानगी’बद्दलचा मुद्दा मला पूर्ण पटला, पण फलकावर ‘संमती’च ठेवीन. उद्या काकूंना मंडळाकडे माहिती मागायची झाली, तर कागदावर हाच शब्द असेल.

प्रतिसाद

२०२३ च्या जन विश्वास कायद्याने हवा अधिनियमातली तुरुंगाची शिक्षा काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची रक्कम ठेवली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिला दंड म्हणायचं की शास्ती?

धागाकर्ती

शास्ती. दंड फौजदारी न्यायालयाचा, आणि इथे न्यायालयाऐवजी अधिकारी रक्कम ठरवतो. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरच्या शास्तीकराने हा शब्द घरोघरी पोचवला आहे, समजावून सांगायची गरज नाही. त्या कायद्याच्या नावातही ‘सुधारणा’ आहेच.

प्रतिसाद

अमेरिकेतलं एक उदाहरण या धाग्यात शोभेल. तिथे १९७७ पासून मोठा कारखाना नव्याने उभारताना किंवा त्यात फेरबदल करताना आधी परमिट लागतं. नेहमीची देखभाल मात्र त्यातून सुटते. सगळं भांडण इथेच : बॉयलरचा मोठा भाग बदलला तर ती दुरुस्ती की फेरबदल? २००३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने नियम केला की बदलीचा खर्च त्या संचाच्या नव्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत असेल, तर ती देखभालच. याला तिकडेही सुधारणाच म्हटलं गेलं. मार्च २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. कायद्यात ‘कोणताही भौतिक बदल’ असं लिहिलं होतं, आणि कोणताही म्हणजे कोणताही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

धागाकर्ती

हे वाचून अंगावर काटा आला. मराठी मसुद्यात ‘कोणताही’ हा शब्द आपण किती सहज गाळतो! ‘यंत्रात बदल केल्यास’ आणि ‘यंत्रात कोणताही बदल केल्यास’ यांत एक धुराडं मावतं. भाषांतर तपासणाऱ्यांनी असल्या शब्दांवर आधी बोट ठेवावं. तत्सम-तद्भवाचा वाद नंतर.

तुमच्या उदाहरणामुळे माझ्या ‘फेरबदल’चीही पंचाईत झाली. तो यंत्राला लागतो, मग नियमाला नको. नियमाला साधा ‘बदल’ पुरे, आणि पुढे दिशा लिहायची : अट कडक झाली, शिथिल झाली, की निघून गेली. आपल्याकडे उद्योगांच्या २०१६ च्या वर्गवारीत प्रदूषण निर्देशांक ६० किंवा त्याहून जास्त तो लाल गट होता आणि २० पर्यंत तो पांढरा. पांढऱ्याने मंडळाला फक्त कळवायचं होतं. नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्या गटाला संमतीतून रीतसर वगळलं. पांढऱ्या गटातले उद्योग खरोखर कमी धुराचे असतील, तर त्यांना हेलपाटे का घालायला लावायचे, हेही मला मान्य आहे. पण घडलं ते ‘वगळणं’ आहे आणि तसंच लिहायला हवं. ते चांगलं की वाईट हे वाचणारा ठरवेल.

काल फलकावरचा कागद बदलला : ‘कमी प्रदूषणाच्या उद्योगांना हवेच्या संमतीतून वगळले. त्यांनी मंडळाला लेखी कळवणे पुरेसे.’ काकूंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “मग आपल्या मागचा कारखाना कोणत्या गटात?”

दादा, तुम्ही चाकणचे. हे कुठे बघायचं, सांगाल का?

प्रतिसाद

कारखान्याच्या संमतीपत्रावरच गटाचा रंग लिहिलेला असतो, ताई. पत्राची प्रत मागा.