देवमाशांच्या चरबीतले विष हा पुण्याचा प्रश्न आहे का?

मुठाकाठ (चर्चेची सुरुवात)

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची एक ओर्का (देवमाशांच्या कुळातील शिकारी सस्तन प्राणी) मृतावस्थेत सापडली. मासेमारीच्या दोरात अडकून तिचा जीव गेला होता, परंतु तिच्या चरबीची तपासणी झाली तेव्हा दर किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विषारी रसायन आढळले. सागरी सस्तन प्राण्यांवर दुष्परिणाम सुरू होण्यास किलोमागे ९ मिलिग्रॅम पुरेसे मानले जातात. लुलूचे वय किमान २० वर्षे होते आणि तिला एकदाही पिल्लू झालेले नव्हते.

पीसीबी हे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात वापरले जाणारे रसायन. १९२९ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि अमेरिकेने १९७९ मध्ये ते थांबवले, म्हणजे लुलू मेली तेव्हा त्यावर बंदी येऊन बराच काळ लोटला होता. हे रसायन पाण्यात विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. प्लवकातून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात, पुढे सीलमध्ये आणि शेवटी ओर्कात जाताना प्रत्येक पायरीवर त्याची तीव्रता वाढते. मादी ते शरीराबाहेर टाकते ती दुधावाटे, आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा तिच्या पहिल्या पिल्लाच्या पोटात जातो. आईचे दूधच विषाची वाट व्हावे, ही गोष्ट मला वाचल्यापासून अस्वस्थ करते.

पुण्यात हा विषय काढला की समोरचा कोकणाकडे बोट दाखवतो. परंतु आपली मुळा-मुठा पश्चिमेला वाहत नाही. ती भीमेला मिळते, भीमा उजनीतून पुढे जाऊन कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आपली मैलाशुद्धीकरण केंद्रे सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली आहेत, वर्षानुवर्षे न विघटणारी रसायने पकडण्यासाठी नाहीत. म्हणून माझे मत असे, की असे रसायन नदीत उतरल्यावर शोधत बसण्यापेक्षा ते किती काळ टिकते आणि चरबीत साठते का, याचे उत्तर कारखान्याने परवानगीपूर्वीच द्यावे, आणि ही मागणी पुण्यासारख्या औद्योगिक शहरातील नागरिकांनी लावून धरावी.

पर्वतीपायथा

मी आयुष्यभर रासायनिक विश्लेषणाचे काम केले आहे, त्यामुळे लुलूच्या आकड्याबद्दल माझा वाद नाही. माझा आक्षेप निष्कर्षाला आहे.

ओर्का दातेरी आहे आणि अन्नसाखळीच्या टोकाला बसते. आपल्या किनाऱ्याजवळ दिसलेला निळा देवमासा मात्र कोळंबीसारखे बारीक जीव गाळून खातो. त्याची अन्नसाखळी आखूड असल्यामुळे त्याच्यातील साठाही सामान्यतः पुष्कळ कमी असतो. स्कॉटलंडच्या ओर्काचा आकडा अरबी समुद्रातील देवमाशांना लावणे शास्त्राला धरून नाही. शिवाय पीसीबी बनवले मुख्यतः श्रीमंत औद्योगिक देशांनी आणि त्यांचा फायदाही त्यांनीच घेतला.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. उजनीचे पाणी माणसे पितात आणि तिथली चिलापी भिगवणच्या बाजारातून आपल्या ताटात येते. हा प्रश्न डोळ्यांसमोर असताना लोकांचे लक्ष देवमाशांकडे वळवणे मला पटत नाही. डास मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकाबाबतही असेच म्हणता येईल. समुद्री जीवांच्या नावाने त्यावर सरसकट बंदी आली असती, तर हिवतापाने गेलेल्या जिवांचा हिशेब कोणी दिला असता?

मुठाकाठ

गाळून खाणाऱ्या देवमाशांबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे, ते मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. डीडीटीबाबत मात्र असहमत आहे. आपल्याकडे शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, रोगनियंत्रणासाठी तो चालू राहिला आणि अशा टिकाऊ रसायनांवरील २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानेही ती मुभा ठेवली. बिहारमध्ये काळा आजार पसरवणारी वाळूमाशी डीडीटीला दाद देईनाशी झाली, म्हणून तिथे दुसरे कीटकनाशक आणावे लागले. तो बदल माणसांसाठीच होता, देवमाशांसाठी नव्हे.

वाशिष्ठीकर

मी मूळचा दाभोळ खाडीकाठचा, सध्या कोथरूडला राहतो. आमच्या लहानपणी खाडीत मासे मरून तरंगले की ती बातमी आधी वासाने कळायची. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने होते. प्रत्येक वेळी पंचनामा व्हायचा, पाण्याचे नमुने जायचे आणि अहवाल गावात पोहोचेपर्यंत पुढचा पावसाळा येऊन खाडी धुऊन निघालेली असायची. मेलेले मासे दिसत तरी होते, पण जे मेले नाहीत त्यांच्या अंगात काय साठले होते, हे आम्हाला कोणी कधी सांगितले नाही.

पर्वतीपायथा यांनी माणूस आणि देवमासा असे दोन कप्पे केले आहेत, ते मला मान्य नाही. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरचे लोक पायलट व्हेलचे मांस पिढ्यान्‌पिढ्या खात आले. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला आणि गरोदरपणी आईच्या शरीरात गेलेल्या पाऱ्याचा परिणाम मुलांच्या स्मरणशक्तीवर व भाषेवर दिसला. अखेर २००८ मध्ये तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे मांस खाऊ नये असे स्पष्ट सांगितले. आपण देवमासा खात नाही, हे खरे. पण आमच्या घरी बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण आवर्जून देतात, आणि मुशी हाही शिकारी मासा आहे, ज्याच्या अंगात पारा असाच चढत जातो. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आईने ते केले तेव्हा कोणालाच शंका आली नाही. आज मी तिला काय सांगावे, हा माझ्यासाठी अजूनही खरा प्रश्न आहे.

सागरवाचक

या चर्चेत एक मोठी गोष्ट राहून जाते आहे. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे माणसाने शिकार करून मारले. आजही देवमासे, डॉल्फिन व शिंशुक मिळून वर्षाला अंदाजे ३ लाख जीव जाळ्यांत अडकून मरतात. व्यापारी शिकार थांबल्यावर नैऋत्य अटलांटिकमधील कुबड्या देवमाशांची संख्या काही शेकड्यांवरून सुमारे २५ हजारांवर गेली, आणि त्या काळात समुद्रात रसायने होतीच. मर्यादित पैसा आणि लोकांची मर्यादित सहानुभूती आधी जाळ्यांवर खर्च व्हावी, असे मला वाटते.

मुठाकाठ

जाळ्यांचा धोका तातडीचा आहे, यात शंका नाही. परंतु जाळे काढले की मृत्यू थांबतात, पीसीबीचे उत्पादन थांबवल्यावर मात्र तो साठा आईकडून पिल्लाकडे जातच राहतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगातील निम्म्याहून अधिक ओर्का-समूहांचे भवितव्य केवळ पीसीबीमुळे धोक्यात असल्याचे मांडले. दुसऱ्या बाजूला कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीमुखातील बेलुगा या पांढऱ्या देवमाशांचे उदाहरण आहे. त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण इतके होते की जगभर त्याची चर्चा झाली. त्या भागातील अ‍ॅल्युमिनियम कारखान्यांचे प्रदूषण कमी झाले, पीसीबीवर बंदी आली, आणि १९७१ नंतर जन्मलेल्या ज्या बेलुगांची शवे तपासली गेली त्यांच्यात कर्करोग आढळला नाही. उगमावर केलेला उपाय लागू पडतो, फक्त तो एका पिढीनंतर दिसतो. म्हणूनच तो पुढे ढकलता येत नाही.

वाशिष्ठीकर

२०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू आले, लोकांनी दिवसरात्र खपून त्याला समुद्रात नेले, तरी ते वाचले नाही. असे मेलेले जनावर बहुधा वाळूत पुरतात. पुरण्यापूर्वी प्रत्येकाच्या चरबीचा तुकडा घेऊन तो तपासला, तर स्कॉटलंडचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत. उपकरणे आणि रसायनतज्ज्ञ पुण्यात आहेत.

पर्वतीपायथा

माझा क्रम आजही उजनी आधी असाच आहे. परंतु या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण आपल्या समुद्राचे आकडे हातात आल्याशिवाय मुठाकाठ यांचे म्हणणे खोडता येणार नाही आणि सिद्धही करता येणार नाही. देवमासे वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे नमुना वनविभागाच्या परवानगीनेच घ्यावा लागेल. पीसीबीसाठीचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकू नये, स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून लगेच गोठवावा. चरबी त्वचेपासून स्नायूपर्यंत पूर्ण जाडीची घ्यावी, कारण वरच्या आणि आतल्या थरांत साठा सारखा नसतो. पाऱ्यासाठी स्नायू आणि यकृताचे तुकडे वेगळे ठेवावेत. हीच तपासणी त्याच प्रयोगशाळेत उजनीच्या चिलापीची आणि बाजारातील मुशीचीही व्हावी. नमुने आले तर पद्धत लिहून देण्याचे काम मी करीन.