पोट आपल्याकडे आलं की घोळ होतो
सिम्युलेटरवर दोन आठवडे घालवूनही रिमोटचं विमान हॉवर होत नाही, म्हणजे नाक वर करून हवेत एका जागी शेपटीवर उभं राहत नाही, अशी एकाची तक्रार होती, त्यावर थोडं. माझंही सुरुवातीला तेच व्हायचं, कारण मी चारही कंट्रोल एकदम सांभाळायला जात होतो: रडर (नाक डावी-उजवीकडे), एलेव्हेटर (नाक वर-खाली), एलेरॉन (पंखांवरचा, गिरकीसाठी) आणि थ्रॉटल (पंख्याचा जोर). रिअलफ्लाइट या सिम्युलेटरमध्ये हॉवर शिकवणारा हॉवर ट्रेनर आहे, त्यात एकेक कंट्रोल आपल्याकडे घेता येतो. मी आधी फक्त रडर घेतला. नुसता रडर, कंटाळा येईपर्यंत.

खरी गोम रडरमध्येच आहे. विमानाची पाठ आपल्याकडे असेल तर नाक डावीकडे झुकल्यावर उजवा रडर, सरळ हिशोब. पोट आपल्याकडे आलं की सगळं उलटं. तेव्हा नाक ज्या बाजूला झुकतंय त्याच बाजूला रिमोटवरची रडरची काठी ढकलायची. डोक्याला कळतं हो, अंगठ्याला कळायला वेळ लागतो. टॉर्कमुळे, म्हणजे फिरणारा पंखा विमानाला उलट बाजूला पिळतो त्यामुळे, विमान हळूहळू डावीकडे गिरकी घेतं, म्हणून पोट समोर येणारच. उजवं एलेरॉन देऊन ते थोपवता येतं.

थ्रॉटल एका जागी धरून ठेवू नका, टुक टुक करत द्या. शेपटीवरचा रडर आणि एलेव्हेटर चालतो तो पंख्याच्या वाऱ्यावरच. थ्रॉटल पूर्ण बंद केला की हातात काहीच उरत नाही.

आणि मैदानावर पहिल्यांदा फोमचंच विमान न्या. सिममध्ये वारा शून्य ठेवून शिकलात ना? मग आधी तिथेच थोडा वारा लावून बघा.